उपासनेचे झगे शिवताना आणि घालताना या चुका टाळा

फादर प्रार्थनेसाठी हात पसरतात आणि पांढरा झगा सरसर वर जातो. खालून पँटची मोहरी, मोजे, बूट सगळं दिसू लागतं. नाशिकमधल्या चर्चसाठी मी बरीच वर्षं हे कपडे शिवते आणि दुरुस्त करते. सगळ्यात जास्त तक्रार याच एका गोष्टीची येते.

चूक माप घेण्यात असते. माप देणारा माणूस हात खाली सोडून ताठ उभा राहतो, पण वेदीवर तो तसा उभा नसतो. माझ्याच हातून एकदा असं झालं. नव्यानेच दीक्षा झालेल्या फादरांची पहिली मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची वेदीवरची मुख्य उपासना, होती. आल्ब, म्हणजे आतला पायघोळ पांढरा झगा, मी घोट्यापर्यंत नीट बेतला होता, पण माप घेताना कमरेची दोरी बांधायला लावलीच नव्हती. दोरी आवळली की झगा वर ओढला जातो आणि हात उंचावले की आणखी चार बोटं चढतो. पहिल्या बाकावर त्यांची आई बसली होती. त्या तासभरात माझी नजर त्या किनारीवरून हलली नाही.

तेव्हापासून मी रोजचे बूट घालायला लावते, दोरी बांधायला लावते, दोन्ही हात पसरायला सांगते आणि त्याच अवस्थेत किनारीला टाचण्या लावते. मग हात खाली घेऊन दोन पायऱ्या चढून पाहायचं. पुढची किनार पायात येता कामा नये. कापड सुती किंवा खादी असेल तर कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर दुसऱ्या धुण्यात सगळं माप वाया जातं. खालची दुमड चांगली चार इंच ठेवा. झगा आखूड झालाच तर ती उलगडता येते. लेसची पट्टी जोडून लांबी वाढवू नका, जोड लांबूनही दिसतो.

कापड घेण्याआधी ‘कुठल्या चर्चचे?’ हे विचारायलाच हवं. उत्तर भारत चर्चचंच घ्या. ते २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळ्या परंपरांची सहा प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन उभं राहिलं. अँग्लिकन परंपरेत वाढलेल्या पाळकसाहेबांना झग्यावर सर्प्लिस, म्हणजे वरून घालायचा सैल पांढरा अंगरखा, आणि स्टोल, म्हणजे गळ्यातली लांब पट्टी, ओळखीचे वाटतात. बाप्टिस्ट किंवा ब्रदरन वळणाच्या मंडळीत वाढलेल्यांना तेच जड वाटू शकतं. त्यामुळे शरणपूर रोडच्या एका पाळकांसाठी शिवलेलं दुसऱ्यांना चालेलच असं नाही. उत्तर भारत चर्चमध्ये स्त्रियांनाही दीक्षा मिळते, आणि तयार मिळणारे झगे मात्र पुरुषी मापाचे असतात. आत साडी असेल तर निऱ्यांमुळे पुढे फुगवटा येतो. घेर वाढवावा लागतो, गळा जरा उंच घ्यावा लागतो आणि पदर पिन करून आत घ्यायला सांगावं लागतं.

स्टोल घालण्यातही घोळ होतात. कॅथलिक पद्धतीत धर्मगुरू तो मानेभोवती घेऊन दोन्ही टोकं सरळ पुढे सोडतात. उपदीक्षित, म्हणजे डीकन, तो डाव्या खांद्यावरून तिरका आणून उजव्या बगलेखाली बांधतात. नवखी मुलं हमखास उजव्या खांद्यावर टाकतात, म्हणून मी डीकनच्या स्टोलला बांधायच्या जागी आतून छोटी नाडी लावते. ती उजवीकडे आली की समजायचं बरोबर आहे. दोन टोकं खालीवर होत असतील तर मानेच्या मध्यावर आतून एक टाका घालून खूण करा. मिस्सेला धर्मगुरूंचा स्टोल चॅझ्युबलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या बिनबाह्यांच्या रंगीत झग्याच्या, आत राहतो. तो बाहेर मिरवायचा म्हणून भरतकाम करून घेणाऱ्यांना मी आधीच सांगते की ते कुणाला दिसणार नाही.

१९६९ मध्ये रोमने भारतातल्या कॅथलिक चर्चला ज्या बारा गोष्टींची मुभा दिली, त्यात पारंपरिक वस्त्रांऐवजी एकच साधा झगा आणि अंगवस्त्रासारखा स्टोल चालेल असं आहे. पण काहीजण त्याचा अर्थ कुर्त्यावर नुसता स्टोल टाकला तरी चालतो असा घेतात. रोजच्या कपड्यांवर फक्त स्टोल घालून मिस्सा करणं रोमच्या २००४ च्या सूचनेत साफ चूक ठरवलंय. मला ते पटतं. या कपड्यांनी माणूस झाकला जावा आणि सेवा दिसावी; नुसत्या स्टोलमध्ये माणूसच पुढे येतो.

रंगांचं थोडक्यात: नाताळआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ जांभळा, नाताळ आणि ईस्टर पांढरा, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे आणि पेंटेकॉस्ट लाल, बाकी साधारण काळ हिरवा. गुड फ्रायडेला काळा रंग असायचा, हे जुन्या माणसांच्या मनात पक्कं आहे. आजच्या रोमन पद्धतीत तो लाल आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, तेव्हा शनिवारचा रंग लावून ठेवू नका. आणि जांभळा कधीही दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडू नका. तिथे जांभळा दिसणारा गठ्ठा उन्हात वांगी किंवा चक्क गुलाबी निघतो. कापड घेऊन दुकानाच्या दारात या.

फेब्रुवारीत पुणे रोडवर बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा मिस्सेला फादर पुष्कळ असतात आणि एकाच रंगाचे चॅझ्युबल पुरत नाहीत. मग धावपळीत कुणी हिरवा, कुणी पिवळट असे उभे राहतात. याची गरज नाही. मुख्य याजकाने चॅझ्युबल घालायचंच. बाकीच्यांनी अडचण असेल तर आल्बवर स्टोल घेतला तरी नियमात बसतं. त्या दिवसाच्या रंगाचे कमी पडले तर बाकीच्यांना पांढरेही चालतात.

आता येवल्याच्या पैठणीबद्दल. आपल्याच जिल्ह्यातलं कापड, त्यामुळे अनेकांना त्याचा स्टोल हवा असतो, आणि रोमन नियमांतही त्या त्या प्रदेशातल्या कापडाला जागा आहे. पण पूर्ण पदर, मोर, बुट्टे, काठ सगळं एकाच स्टोलवर घेऊ नका. साधं रेशीम आणि टोकांना तेवढा काठ, याहून देखणं काही होत नाही. घडी नेहमी एकाच रेषेवर घातली तर जरीची तार तिथे तुटते, म्हणून दर महिन्याला घडी बदला. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका, ती काळी पडते. मऊ मलमलीत गुंडाळून ठेवा. लाँड्रीचं प्लॅस्टिक घरी आल्याबरोबर काढा. पावसाळ्यात दगडी भिंतीला टेकलेल्या कपाटात त्या प्लॅस्टिकच्या आत बुरशी धरते, हे मी त्र्यंबककडून आलेल्या झग्यांवर पाहिलंय.

मेण सांडलं तर लगेच पुसू नका, पसरतं. थंड होऊन कडक झालं की चमच्याच्या पाठीने उचला, मग वर-खाली तपकिरी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. कागद मेण शोषतो. तो बदलत राहा. वाइनचा डाग चोळू नका, थंड पाण्याने टिपा, आणि डाग जाईपर्यंत इस्त्री लावू नका, नाहीतर तो कायमचा बसतो.

मात्र मिस्सेत पवित्र केलेल्या वाइनचा डाग असेल तर तो कपडा थेट ड्रायक्लीनला द्यायचा नाही. कॅथलिक नियमाप्रमाणे ती जागा आधी पाण्याने धुवायची आणि ते पाणी सॅक्रिस्टीतल्या (झगे घालायच्या खोलीतल्या), थेट जमिनीत उतरणाऱ्या खास बेसिनमध्ये सोडायचं. तसं बेसिन नसेल तर फादरांना विचारा. कपडा त्यानंतरच माझ्याकडे आणा.