नव्या फोनला रेंज नाही? स्क्रू खोलायच्या आधी या चुका टाळा

नागपुरात बर्डीवर माझं फोन दुरुस्तीचं काउंटर आहे, चौदा वर्षं झाली. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत एक वाक्य मी रोज ऐकतो: "भाऊ, फोन नवाच आहे, पण रेंजच नाही येऊन राहिली." म्हणणारा घाईत असतो. त्यानं व्हिडिओ बघून नेटवर्क सेटिंग्ज आधीच रीसेट केलेल्या असतात, त्यात घरच्या वाय-फायचा पासवर्ड आणि गाडीचं ब्लूटूथ दोन्ही उडवलेलं असतं, आणि आता मी फोन खोलून "अँटेना बघावा" अशी त्याची इच्छा असते. खोलायचे पैसे मलाच मिळतात. तरी सांगतो, बहुतेक वेळा खोट फोनमध्ये नसते. फोनच्या पाठीवर असते, नाहीतर खिडकीत.

काड्या मोजत बसू नका

"माझ्या फोनला दोन काड्या, बायकोच्या फोनला चार." हे वाक्य ऐकलं की मी चहा मागवतो, कारण आता वेळ लागणार. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे ज्याची त्याची कंपनी ठरवते. २०१० साली आयफोन ४ हातात विशिष्ट जागी धरला की रेंज पडते म्हणून बोंब झाली, तेव्हा ॲपलनं स्वतःच कबूल केलं की काड्या मोजायचं त्यांचं सूत्रच चुकीचं होतं आणि बऱ्याचदा असायला हव्यात त्यापेक्षा दोन काड्या जास्त दिसत होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर बाकीच्यांचं काय विचारता.

आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग फोनविषयी, मग सिम स्टेटस. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* डायल करा. डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, आकडा दिसेल, उणे चिन्हासकट. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ९०च्या आसपास असेल तर मजेत राहा. उणे ११०च्या खाली गेला की कॉल तुटायला लागतात, उणे १२० म्हणजे फोन टॉवरचं नुसतं नाव ऐकून आहे. आणि हा आकडा सरळ हिशेबानं घटत नाही. ३नं पडला की ताकद अर्धी, १०नं पडला की दहावा हिस्सा. आता पुढची गोष्ट नीट कळेल.

कुलर

मनीषनगरचे एक काका, निवृत्त. मुलानं नवा फोन घेऊन दिला. आठवड्यात तक्रार सुरू: घरात कॉल लागत नाही, लागला तर आवाज तुटतो, आणि वाय-फायसुद्धा बेडरूममध्ये पोचत नाही. दुकानदारानं फोन बदलून दिला. दुसऱ्यालाही तेच. मग त्यांनी सिम बदललं. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात हे कुणी सांगितलं नाही, त्यामुळे ओटीपी येईना, बँकेचं काम अडलं, आणि त्याचंही खापर फोनवरच. शेवटी एका काउंटरवाल्यानं (मी नव्हे) फोन खोलून आतली वायर "घट्ट" करून दिली आणि वॉरंटी घालवली.

माझ्याकडे आले तेव्हा काका अर्धे रागात, अर्धे रडकुंडीला. फोन काउंटरवर ठेवला, आकडा बघितला, उणे ८४. झकास. मी विचारलं, "काका, फोन कधी घेतला?"

"होळीच्या आठवड्यात."

"आणि कुलर कधी लावला?"

काका माझ्याकडे असे बघत राहिले जसं मी त्यांची पत्रिका मागितली.

संध्याकाळी दुकान बंद करून घरी गेलो. तिसरा मजला, हॉलला एकच मोठी खिडकी, आणि त्या खिडकीत पत्र्याचा भला मोठा डेझर्ट कुलर, स्टँडवर चढवलेला. बाल्कनीत आकडा उणे ९१. कुलरच्या अलीकडे सोफ्यावर उणे ११४. म्हणजे २३चा फरक, ताकद जवळपास २०० पट कमी. घराच्या बाकी भिंती काँक्रीटच्या, वर सळयांचा स्लॅब. बाहेरची रेंज आत यायला जी एक काचेची वाट होती, तिथं लोखंडी पत्रा, पाण्यानं भरलेली टाकी आणि तीन बाजूंनी ओल्या ताट्या. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषून घेतं. रेंज अडवायला याहून चांगली भिंत मी पैसे घेऊनही बांधून दिली नसती.

वाय-फायचं कोडं पण तिथंच. फायबरची वायर खिडकीतूनच आत येते, म्हणून कनेक्शनवाल्यानं राउटर खिडकीच्या कोपऱ्यात टांगलेला. जानेवारीत तो सगळ्या घराला दिसत होता. मार्चमध्ये त्याच्यासमोर कुलर आला. मार्चमध्येच फोनही आला. दोष कुणावर गेला ते सांगायला नको.

आता उपाय. मे महिन्यात नागपुरात एखाद्याला "कुलर काढा" म्हणायची माझी छाती नाही. आम्ही राउटर हलवला. माणूस बोलावून फायबरची लांब वायर टाकून घेतली आणि राउटर बेडरूमच्या दाराजवळ, डोक्याच्या वर लावला. मग फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं. ही सोय एअरटेल आणि जिओनं २०१९-२०च्या हिवाळ्यातच सुरू केली, वेगळे पैसे लागत नाहीत, आणि तरी दहा गिऱ्हाइकांना विचारलं तर नऊ जण "ते काय असते?" म्हणतात. घरात टॉवर पोचत नसेल तर कॉल वाय-फायवरून जातो, बस. काकांचा फोन त्या दिवसापासून वाजायला लागला. पुढे काकूंची वेगळीच तक्रार आली, की आता हे दिवसभर बोलतच बसतात. त्यावर माझ्याकडे स्पेअर पार्ट नाही.

तेव्हा घरात रेंज नसेल तर आधी फोन घेऊन घरात फिरा. बाल्कनी, हॉल, स्वयंपाकघर, आकडा लिहून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण लोकांना दहा मिनिटं नसतात, दुकानाच्या तीन चकरा मारायला तीन दिवस मात्र असतात.

पाठीवरचा लोखंडी तुकडा

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा लाज वाटून सांगतो. २०१९मध्ये घरोघरी जेवण पोचवणारा एक मुलगा आला. कॉल तुटतात म्हणाला. कव्हर काढून फोन मला दिला. मी तपासला, ठीक वाटला, तरी त्याच्या समाधानासाठी खोलून अँटेनाची वायर काढून परत बसवली. दुसऱ्या दिवशी परत हजर. मी खालचा छोटा बोर्ड बदलला. तिसऱ्या दिवशी तो काउंटरवर उभा राहूनच कॉल लावत होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत तुटला. तेव्हा कव्हर लावलेलं होतं. कव्हर काढलं तर आत गाडीवरच्या चुंबकाच्या होल्डरसाठी चिकटवलेली लोखंडी चकती. इतकं साधं. फोन माझ्या हातात नेहमी उघडा येत होता, त्याच्या हातात नेहमी चकतीसकट.

बोर्डचे पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून माझी सवय: फोन आला की आधी कव्हरमध्येच आकडा बघायचा, मग कव्हर काढून. फरक पडला तर कव्हर बाजूला, फोन परत खिशात, जा घरी. साध्या रबरी किंवा प्लास्टिकच्या कव्हरनं विशेष बिघडत नाही, काचेच्या टेम्पर्डनं तर नाहीच. भानगड धातूची. धातूचं कव्हर, चकती, अंगठीवाला स्टँड, आणि हल्ली ते "अँटेना बूस्टर" म्हणून मिळणारं सोनेरी स्टिकर. ते स्टिकर लावून आलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही. नखानं सोलतो आणि कचऱ्यात टाकतो. रेंज वाढवणाऱ्या ॲपलाही तोच न्याय. ॲप जाहिरात दाखवू शकतं, टॉवर जवळ आणू शकत नाही.

"जुन्या फोनला याच जागी रेंज यायची"

येत असेल. जुना फोन ४जीचा होता. भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ला, आणि त्याचा मोठा भाग ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर चालतो. लहर जितकी वरची, तितकी भिंतीत लवकर दमते. तुमचा जुना फोन ८५०, ९०० किंवा १८००वर निवांत बसलेला असायचा. नवा फोन ५जी दिसलं की तिकडे धावतो, काठावर लटकतो, परत ४जीवर येतो, पुन्हा धावतो. आपल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत हा खेळ दिवसभर चालतो आणि बॅटरीही खातो. घरात असताना नेटवर्क ४जीवर ठेवून दोन दिवस बघा. यावर लोक नाराज होतात: "मग ५जी फोन घेतला कायले?" बाहेर वापरा नं भाऊ. बाहेर छान चालते.

ऊन

ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंशांची हवा योग्य म्हणते. म्हणजे मे महिन्यात आपलं अख्खं गाव त्या नियमाबाहेर राहते. फोन जास्त तापला की तो चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो आणि रेडिओची ताकदही उतरवतो, त्यामुळे सिग्नल पडतो. दुपारी दोनला वर्धा रोडवर गाडीच्या हँडलला फोन लावून मॅप बघत आलात आणि रेंज गेली, तर सावलीत पंधरा मिनिटं ठेवा. फ्रीजमध्ये नको. फ्रीजमधून काढलेल्या फोनच्या आत दव धरतं आणि मग तो खरंच माझ्याकडे येतो.

किरकोळ, पण रोजचं

जुनं मोठं सिम कात्रीनं किंवा कटरनं कापून बसवू नका, नॅनो सिम नुसतं लहान नसतं, पातळही असतं. वाय-फाय "कनेक्टेड" दाखवतं पण नेट नाही, आणि घरच्या राउटरमध्ये ठराविक फोनच चालतील असं कुलूप लावलेलं आहे? नवा फोन प्रत्येक वाय-फायला आपला वेगळा बनावट पत्ता (मॅक ॲड्रेस) सांगतो, राउटर त्याला ओळखत नाही. त्या नेटवर्कपुरती ही सोय बंद करा.

राउटर लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे, फिश टँकशेजारी ठेवू नका. राउटर दोन वाय-फाय दाखवत असेल तर लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झवालं जोडा, राउटरच्या खोलीत ५वालं. आणि हे ५ गिगाहर्ट्झ म्हणजे ५जी नव्हे, हे मी दिवसातून दोनदा सांगतो.

इमारतीवर रिपीटर, म्हणजे सिग्नल वाढवायचं यंत्र, लावून देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. परवानगीशिवाय मोबाइल सिग्नल बूस्टर लावणं बेकायदा आहे, वर शेजाऱ्यांची रेंज बिघडते ती वेगळी.

अमेरिकेतून पोरानं आणलेला फोन असेल तर घेण्याआधी मॉडेल नंबरवरून बँड, म्हणजे तो कुठल्या लहरी पकडतो ते, बघा. ४जीचा बँड ४० आणि ५जीचा एन७८ आहे का, फोन एखाद्या कंपनीला लॉक तर नाही. तिकडच्या आयफोन १४पासून सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम. खाच शोधायला पिन घेऊन माइकचं भोक फोडलेले दोन गिऱ्हाईक मी पाहिलेत.

मग फोनमध्ये खोट कधी धरायची?

कव्हर काढून, उघड्यावर, थंड फोन. शेजारी त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन, दोघांना ४जीवर आणा. मग सिमची अदलाबदल करा. सिम कुठलंही असो, तुमच्याच फोनचा आकडा दरवेळी १५-२०नं खाली येत असेल तर खोट फोनची. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसत नसेल तर मग शंकाच नको. अशा वेळी माझ्याकडे येऊ नका, कुणाचकडे खोलायला देऊ नका, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, आणि बदलून मिळायची मुदत संपायच्या आत जा. बिल सोबत न्या. गुळगुळीत कागदावरचं बिल असेल तर आजच त्याचा फोटो काढा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं असं बिल उन्हानं पार काळं पडलेलं मी पाहिलंय, आणि काउंटरवरच्या पोरीला त्यावर तारीख काही दिसली नाही.