महागडं सीरम नको, साधी जाड क्रीम: चेहऱ्याला ती नीट कशी लावावी

दिवाळी सरली की गाल उलायला लागतात, तोंड धुतल्यावर कातडी ओढते, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात. एवढ्यासाठी हजार-दीड हजाराच्या सीरमच्या बाटल्या घ्यायची काहीच गरज नाही. शे-दोनशे रुपयांत मिळणारी जाड क्रीम पुरते. निळ्या डबीतली निव्हिया घ्या, जुन्या पद्धतीची कुठलीही कोल्ड क्रीम घ्या, नाहीतर साधी पेट्रोलियम जेली. मी वर्षानुवर्षं थंडीत हेच वापरते आणि घरातल्यांनाही हेच लावायला शिकवलं आहे. ‘चिकट वाटतं’, ‘तोंड तेलकट दिसतं’, ‘उशीला सगळं लागतं’ या तक्रारी मला पाठ आहेत. त्यातल्या बहुतेक चुकीच्या वेळी आणि चुकीच्या मापात लावल्यामुळे येतात.

आधी कोणी लावू नये ते सांगते, कारण हा भाग सगळेजण गाळतात. ज्यांना मुरूम येतात, ज्यांचं कपाळ-नाक दुपारपर्यंत तेलाने चमकतं, त्यांनी जाड क्रीम चेहऱ्यावर घेऊ नये. मुंबईत आणि कोकणात हवा मुळातच दमट असते, तिथे बहुतेकांना ती वर्षभरात जेमतेम काही दिवस लागते. नाशिक, पुणे, नगर, मराठवाडा, विदर्भ या भागांतल्या कोरड्या थंडीत मात्र ती खऱ्या अर्थाने कामाला येते. चाळिशीनंतर कातडीतलं तेल कमी होत जातं, त्या वयात तर जास्तच. इसब असेल किंवा सुगंधी वस्तूंनी खाज येत असेल, तर बिनवासाची पेट्रोलियम जेली घ्या. निळ्या डबीत सुगंध असतो आणि मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून काढलेले घटकही असतात; ते काहींना सोसत नाहीत.

डबी छोटीच घ्या. लेबलवर बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी हवीच. स्वस्त म्हणजे काहीही, असा अर्थ कुणी काढू नका. लेबल नसलेली, आठवड्यात गोरं करण्याचा दावा करणारी क्रीम कितीही स्वस्त मिळाली तरी घरात आणू नका. अशा क्रीममध्ये पारा किंवा स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. पारा मूत्रपिंडाला इजा करतो, स्टिरॉइडने चेहऱ्याची कातडी पातळ होते. चेहऱ्याला चोळल्या जाणाऱ्या स्टिरॉइड मलमांचा सुळसुळाट इतका झाला होता की 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी आजही ‘अमकीला फरक पडला’ म्हणून ती हातोहात फिरतात.

वापर सुरू करण्याआधी आठवडाभर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडी लावून बघा. खाज, लाली आली नाही, तर जबड्याच्या कडेला आणखी आठवडाभर. पुटकुळ्या उठायच्या असतील तर तिथे उठतील, अख्खं तोंड खराब होणार नाही. या काळात बाकीची सीरमं, ॲसिडं, स्क्रब सगळं बंद. पाच वस्तू एकदम लावल्या तर कशाने बरं वाटलं आणि कशाने आग झाली, हे कधीच कळत नाही.

तोंड रात्री, कोमट पाण्याने, सौम्य फेसवॉशने धुवा. कढत पाणी नको, अंगाचा साबण नको.

खरी अडचण पुढे आहे

मलाही इथेच बराच काळ जमत नव्हतं. क्रीम लावायची ती ओलसर कातडीवर, हे हल्ली सगळे सांगतात. पण ओलसर म्हणजे किती ओलं, हे कुणी सांगत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

आधी कारण समजून घ्या, मग हात आपोआप बरोबर चालतो. जाड क्रीम स्वतः कातडीला फारसं पाणी देत नाही. आत असलेलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ती वरून तेलाचा पातळ थर धरते. निळ्या डबीतल्या क्रीममध्ये पाण्याचे बारीक कण तेलात अडकवलेले असतात, म्हणजे बाहेरची बाजू तेलाची. लोकरीच्या चरबीपासून काढलेल्या एका पदार्थामुळे ही जोडी फुटत नाही. हॅम्बुर्गमध्ये 1911 साली याच शोधावर ती क्रीम निघाली. बाहेरून तेल असल्यामुळे ती कोरड्या कातडीवर लावली तर खाली धरून ठेवायला काही नसतं. कोरडेपणावरच झाकण बसतं. वरून तुकतुकीत, आतून ओढलेलं असं जे होतं, ते यामुळे. उलट तोंडावरून पाणी ओघळत असताना लावली तर तेल पाण्यावर धरत नाही. क्रीम घसरते, जागोजागी पांढरे पट्टे उठतात, आणि मग माणूस जोर लावून चोळायला लागतो.

म्हणून नेमकी वेळ ओळखायला शिका. मऊ सुती पंच्याने तोंड टिपा, पुसू नका. टॉवेल घासला की उललेल्या गालावर आग होते आणि वर त्याचे धागे चिकटतात. टिपल्यावर कपाळावर, हनुवटीखाली एकही थेंब दिसता कामा नये. मग बोटांची मागची बाजू गालाला लावा. गाल गार लागला पाहिजे, पण बोट ओलं होता कामा नये. ही ती वेळ. ती फार टिकत नाही. दोन-तीन मिनिटांत कातडी कोरडी होते, डोक्यावर पंखा चालू असेल तर त्याहून लवकर. म्हणून तोंड धुवायला जाण्याआधी पंखा बंद करा आणि डबीचं झाकण उघडून ठेवा. मधे फोन आला, दूध उतू गेलं आणि तोंड सुकलं, तर तसंच लावत बसू नका. तळहात ओले करून गालांवर दाबा, पुन्हा टिपा, मग लावा.

आता माप. हरभऱ्याच्या एका कोरड्या दाण्याएवढी क्रीम अख्ख्या चेहऱ्याला पुरते. मानेला हवी असेल तर आणखी अर्धा दाणा. बोट खुपसून मिळते तेवढी घ्यायची सवय मोडा, तेलकटपणाच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पेट्रोलियम जेली असेल तर याच्याही निम्मी. बोट कोरडं असू द्या. डबीत पाणी गेलं की क्रीम खराब होते.

जानेवारीच्या रात्री डबीतली क्रीम इतकी घट्ट होते की नखाची खूण तशीच राहते. ती सरळ गालावर ओढली तर गोळे होतात. दोन्ही हातांच्या मधल्या तीन बोटांमध्ये ती फिरवा. आधी पांढरी, जाड, सायीसारखी असते. बोटांच्या उबेने पांढरेपणा जातो आणि बोटं नुसती चकाकतात. तोपर्यंत थांबा. हे काही क्षणांचं काम आहे, पण लोक नेमकं हेच टाळतात.

मग दाबा. चोळू नका, गोल-गोल मालीश करू नका. बोटं सपाट ठेवून आधी दोन्ही गाल, मग हनुवटी, मग कपाळ. दाबायचं, उचलायचं, पुढे सरकायचं. नाकाच्या कडांना आणि डोळ्यांखालच्या हाडावर बोटांना उरलेलं तेवढंच. नाकाच्या शेंड्याला नवीन घेऊ नका. पापणीला लावू नका, रात्री डोळ्यात उतरते आणि सकाळी धूसर दिसतं. शेवटी गालावर करंगळी टेकवून बघा: ती किंचित चिकटली पाहिजे, घसरता कामा नये. घसरली तर क्रीम जास्त झाली. दहा मिनिटांनी साध्या सुती रुमालाने टिपून घ्या आणि पुढच्या रात्री कमी घ्या.

तेवढी दहा मिनिटं जाऊ दिली की अंथरुणावर पडायला हरकत नाही. उशीचा अभ्रा आठवड्याला धुवा.

सकाळी ही क्रीम लावू नका, असं माझं ठाम मत आहे. जाड थरावर सनस्क्रीन नीट बसत नाही, सरकतं, आणि सनस्क्रीन हीच ती एक वस्तू आहे जिच्यावर पैसे खर्च करावेत. सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुवा, लागलंच तर गालांना हलकं लोशन, आणि वरून सनस्क्रीन. बाहेर पडताना फक्त ओठ उलत असतील तर ओठांना जेली लावा.

काय होतं आणि काय होत नाही, तेही सांगते. ओढ आणि पापुद्रे पहिल्या काही दिवसांतच कमी होतात. कोरडेपणामुळे उठून दिसणाऱ्या बारीक रेषा बसल्यासारख्या वाटतात. वांग जात नाही, मुरमांचे डाग जात नाहीत, उन्हाने झालेलं नुकसान भरून निघत नाही, रंग उजळत नाही. महागड्या बाटल्यांमधले सेरामाइड, नायसिनामाइड वगैरे घटक खोटे नाहीत. काहींना त्यांचा उपयोग होतो. पण नुसत्या कोरडेपणासाठी आधी त्यांच्याकडे वळायचं कारण नाही.

मिनरल ऑइल म्हणजे पेट्रोलचा गाळ, त्याने कातडी ‘श्वास’ घेऊ शकत नाही, हे सांगणाऱ्यांचं ऐकू नका. कातडी श्वास घेत नाही, ते काम फुप्फुसांचं आहे. सौंदर्यप्रसाधनांत वापरतात ते मिनरल ऑइल शुद्ध केलेलं असतं आणि कातडीच्या वरच्या थरापलीकडे जवळजवळ जात नाही, म्हणून तर ते नाजूक कातडीला सहसा सोसतं. याउलट त्याच लोकांनी सुचवलेला लिंबाचा रस, बेकिंग सोडा, टूथपेस्ट यांनी भाजलेले गाल मी पाहिले आहेत.

एक सावधगिरी मात्र पाळा. डॉक्टरांनी चेहऱ्याला स्टिरॉइडचं किंवा मुरमांचं मलम दिलं असेल, तर त्यावर जाड क्रीम आपल्या मनाने थापू नका. झाकलं गेलं की औषध जास्त शोषलं जाऊ शकतं. कधी, कुठल्या क्रमाने लावायचं ते त्यांनाच विचारा. आणि पंधरा दिवस नीट लावूनही लाली, खाज, पाणी सुटणं किंवा गोल चट्टे असतील, तर तो नुसता कोरडेपणा नाही. दुसरी डबी आणू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

होळीच्या सुमारास, रात्री पंखा लावावा लागतो आणि सकाळी नाक तेलकट वाटतं, तेव्हा चेहऱ्याची क्रीम थांबवा. डबीत उरलेली टाचांच्या भेगांना लावा: पाय पाण्यात भिजवा, टिपा, जाडसर थर द्या आणि वरून सुती मोजे घाला.