शिकारी पक्ष्यांची भांडणं बघताना या चुका टाळा

ते गरुड-कावळ्याचं फॉरवर्ड परत आलं ग्रुपवर. कावळा पाठीवर बसून चोची मारतो, गरुड काही न बोलता वर वर जातो आणि ऑक्सिजन कमी पडून कावळा खाली पडतो म्हणे. असं काही होत नसतं! कावळ्याच्याच कुळातले चफ आठ हजार मीटरवर दिसलेत. गरुड हद्दीबाहेर गेला की कावळा आपला आपण परत फिरतो, विषय संपला.

आणि गरुड उलटून मारत नाही म्हणजे तो भित्रा नाही. कावळे, कोतवाल वरून आणि मागून येतात, जिथं पंजा पोचत नाही, शेपटीचं पीस ओढलं की लगेच बाजूला. अशा चपळ पाखरामागे दम घालवण्यापेक्षा निघून गेलेलं परवडतं. तरी कधी कधी गरुड हवेतच उलटा होऊन पंजे दाखवतो, आणि फार जवळ आलेला कावळा मार खातोही. (दुसऱ्या एका फॉरवर्डमधल्या, चाळिशीत चोच आपटून नवी उगवणाऱ्या गरुडाबद्दल मी बोलणारच नाही. चोच गेलेला गरुड उपाशी मरतो.)

शेवटचे पाच सेकंद बघून स्टोरी रचणं, हे तर माझ्या डोक्यातच जातं. आमच्याबरोबर एक नवा भिडू होता, लेन्स भारी, दुर्बीण नाही. ऑस्प्रेने (मासे पकडणारा शिकारी पक्षी) सूर मारून मासा काढला, अंग झटकलं, माशाचं डोकं पुढे करून एक पंजा पुढे एक मागे असा धरून निघाला आणि हा गडी स्क्रीनवर आधीचे फोटो डिलीट करतोय. तेवढ्यात वरून समुद्री गरुड आला, दोन-तीनदा अंगावर झेपावला, ऑस्प्रेने वैतागून मासा सोडला, गरुडाने तो हवेतच उचलला आणि तेव्हा कुठे याचा कॅमेरा वर! संध्याकाळी पोस्ट, 'गरुडाची अचूक शिकार'. शिकार कसली, दरोडा होता तो. सांगितलं तर म्हणे, मासा गरुडाच्याच पायात दिसतोय ना.

मी पाठलाग दिसला की कॅमेरा खालीच ठेवतो, आधी दोघांचे पाय बघतो. पंजात काही असेल तर भांडण बहुतेक खाण्यावरून, रिकामे असतील तर हद्द नाहीतर घरटं. अपवाद हॅरिअर या शिकारी पक्ष्याचा, तिथं नर मुद्दाम भक्ष्य सोडतो आणि खालून मादी उलटी होऊन झेलते, त्याला लुटालूट म्हणू नका.

पंजात पंजा अडकवून गरगरत खाली येणारे दोघं म्हणजे प्रेमच असं नाही, बऱ्याचदा ती हद्दीवरची मारामारी असते, हार्ट इमोजी जरा थांबवा.

मोठा तो नर, हेही चूक. शिकारी पक्ष्यांत बहुतेक मादी मोठी. स्पॅरोहॉक या छोट्या शिकारी पक्ष्याची मादी तर नराच्या जवळपास दुप्पट वजनाची भरते, त्यामुळे 'दोन जातींची लढाई' कधी कधी नवरा-बायको निघतात.

आणि घरट्याला चिकटू नका रे. तुमच्यामुळे मादी अंड्यांवरून उठते, कावळा टपलेलाच असतो, मग तुम्हीच 'कावळ्यांचा हल्ला' म्हणून व्हिडिओ टाकता. पक्षी माझ्याकडे बघून ओरडायला लागला की मी मागे सरकतो, तरी ओरडत राहिला तर अजून मागे, फोटो मिळो न मिळो.