सारखी दिसणारी फुलपाखरं पंखांवरच्या खुणांवरून कशी ओळखावीत

श्रावणापासून दिवाळीपर्यंत खानदेशात फुलपाखरांची रेलचेल असते. यावल अभयारण्यात किंवा पाटणादेवीच्या रानात जाता आलं तर उत्तमच, पण सुरुवातीला गावाबाहेरचा रुईची झुडपं असलेला बांधही पुरतो. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान जा. अंग तापवायला फुलपाखरं पंख पसरून बसतात, तेव्हा वरची बाजू निवांत पाहता येते.

रंगावरून नाव ठरवायची घाई करू नका. फुलपाखरू जुनं झालं की पंखांवरचे खवले झडून रंग फिका पडतो. खुणेची जागा मात्र बदलत नाही. म्हणून पुढच्या आणि मागच्या पंखाची वरची व खालची बाजू, अशा चार जागा तपासायच्या. आधी वरून फोटो घ्या, पंख मिटले की बाजूने. चिमटीत धरू नका, बोटाला खवले लागतात आणि नेमक्या खुणाच पुसल्या जातात.

प्लेन टायगर की डॅनेड एगफ्लायची मादी?

सर्वाधिक फसवणारी जोडी हीच. दोन्ही केशरी, दोन्हींच्या पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरा पट्टा. रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगरला पक्षी टाळतात, म्हणून एगफ्लायच्या मादीने त्याचंच रूप घेतलं आहे. पुढचा पंख सोडा, मागच्या पंखाकडे या. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन काळे ठिपके असतात. नराला त्याखाली चौथाही असतो. ती त्याची गंधग्रंथी, खालून पाहिल्यास मधोमध पांढरी. एगफ्लायच्या मादीला मागच्या पंखावर एकच काळा ठिपका, तोही वरच्या कडेला. तिच्या पंखाची किनारही जास्त दातेरी असते.

चूक होते ती इथे: पुढचा पंख मागच्या पंखावर सरकला की हा एकुलता ठिपका झाकला जातो. मग थांबायचं, पंख पुरते उघडू द्यायचे. पुढच्या पंखाचं टोक काळं नसलेले प्रकार दोन्ही जातींत आहेत, तेव्हा टोकावर भिस्त ठेवू नका. फुलपाखरू घोळाच्या भाजीवर अंडी घालताना दिसलं तर ती एगफ्लाय. स्ट्राइप्ड टायगर या तिसऱ्या केशरी फुलपाखराबाबत गोंधळ फारसा होत नाही, त्याच्या केशरी पंखांवर सगळ्या शिरा जाड काळ्या असतात.

कॉमन रोझ की कॉमन मॉर्मनची मादी?

लिंबाच्या बागेत किंवा परसातल्या कढीपत्त्यापाशी काळं, शेपटीचं, मागच्या पंखावर पांढरे-लाल डाग असलेलं फुलपाखरू आलं तर पंख नंतर, अंग आधी पाहा. छातीच्या बाजू आणि पोटाचं टोक लाल असेल तर रोझ. अंग सगळं काळं असेल तर मॉर्मन. इतकी भरवशाची खूण क्वचितच मिळते. फुलावर बसूनही ही दोघं पंख फडफडवत राहतात, म्हणून शटरचा वेग 1/1000 सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवा. मॉर्मनच्या काही माद्या नरासारख्याच दिसतात, तर काही क्रिमझन रोझसारख्या. क्रिमझन रोझबाबतही लाल अंगाची हीच कसोटी चालते.

पिवळी ग्रास यलो

टाकळ्याच्या रानात जमिनीलगत उडणारी ही फुलपाखरं बहुधा पंख मिटूनच बसतात, त्यामुळे खालची बाजू महत्त्वाची. पुढच्या पंखाच्या मुळापासून मध्यापर्यंत शिरांनी वेढलेला एक लांबट कप्पा असतो. त्यातल्या खुणा मोजा. दोन असल्या तर कॉमन, तीन असल्या तर थ्री-स्पॉट, एकही नसली तर स्मॉल किंवा स्पॉटलेस. कप्प्याच्या शेवटी, अगदी कडेवर असलेली खूण मात्र मोजायची नाही. नवख्यांचा हिशेब तिथेच चुकतो आणि कॉमनचं थ्री-स्पॉट होतं.

भर उन्हात पिवळा रंग फोटोत पांढराफटक पडतो आणि या बारीक खुणा दिसेनाशा होतात. कॅमेऱ्यातलं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे 0.7 ते उणे 1 ठेवा. मिटलेल्या पंखांत पुढचा पंख मागच्याआड गेला असेल तर कप्पा दिसतच नाही. मग वहीत फक्त 'ग्रास यलो' एवढंच लिहा. कोरड्या ऋतूत स्पॉटलेसचा पुढचा पंख टोकाशी कोनदार होतो आणि मागच्या पंखाखाली दोन सरळ तांबूस रेघा दिसतात. त्या दिसल्या तर कप्पा झाकलेला असला तरी जात सांगता येते.