पूरग्रस्त गावात मदत घेऊन जाताय? या चुका टाळा

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर अन् डोंगरी नदीला पूर आला, चाळीसगावच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद. तेव्हापासून जोराचा पाऊस झाला की आपल्याकडची पोरं लगेच टेम्पो भरायला लागतात, चांगलंच आहे, पण माल गोळा करणं सोपंय हो, डोकं फिरतं ते तिथं उतरल्यावर, आधी कोणाला द्यायचं ह्याच्यावर.

फाट्यावरच गाडी उघडू नका. जो तगडा तो पुढे घुसतो अन् घरातला चिखल उपसत बसलेली बाई राहते तशीच. गाडी लांब ठेवा, दोघंजण पायी गावात जा, सरपंचांची यादी घ्या पण तेवढ्यावर थांबू नका, आशाताईला विचारा कोणाकडे बाळंतीण आहे, कोण अंथरुणाला खिळलंय. नदीकाठची भिल्ल वस्ती अन् बाहेरगावचं रेशनकार्ड असलेले सालदार, हे बऱ्याचदा यादीत नसतातच.

आता किट ८० अन् घरं १५० असली तर? बरेच जण किट फोडून सगळ्यांना सारखं वाटतात, भांडण टळतं पण कोणाचीच एक वेळ धड निघत नाही. माझं म्हणणं, ज्याची चूल बुडाली त्याला पूर्ण किट, ज्याच्या फक्त अंगणात पाणी आलं त्याला आज नाही, अन् हे चावडीवर सगळ्यांसमोर सांगा. शिव्या पडतील, पडू द्या. घर कोरडं पण मजुरी बुडालीय अशांचं मात्र खरंच अवघड असतं, तिथं गावातल्या चार बायका सांगतील ते ऐका.

फावडं घेऊन लगेच साफसफाईला लागणं ही पण चूकच. पंचनामा झाला नसेल तर आधी भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत, सगळ्याचे फोटो घरमालकाच्याच मोबाईलमध्ये काढा. दावणीला मेलेल्या जनावराचा फोटो कानातला बिल्ला दिसेल असा हवा. २०२१ ला तर पोळा आठवड्यावर होता, बैल गेलेल्या माणसाला फोटो काढा म्हणायला जीभ रेटत नाही, पण वास सुटायच्या आत विल्हेवाट लावावीच लागते अन् नंतर भरपाईला पुरावा लागतो, म्हणून तलाठ्याला फोन करून मगच हलवा.

पहिल्या दिवशी कच्चा तांदूळ नको, सरपण ओलं असतं, भाकरी-चटणी, मुरमुरे, फुटाणे न्या. दुधाची पावडर अन् बाटल्या सरसकट वाटू नका, घाण पाण्यात कालवली की लेकरांना जुलाब लागतात. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धंअर्धं नाही, हे देतानाच सांगा. फाटके कपडे घरीच ठेवा.

अन् फरशीवरून, म्हणजे नदी-नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी चालू असताना पलीकडून लेकरं उपाशी असल्याचा फोन आला तरी गाडी घालू नका. १०७७ ला जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला गावाचं नाव अन् माणसांचा अंदाज कळवा, टेम्पो अलीकडेच राहू द्या, भाकरी खराब व्हायला लागली तर अलीकडच्या शाळेत थांबलेल्या लोकांना वाटून टाका अन् पलीकडच्यांसाठी नवीन करायला सांगा.