लायब्ररीत आवडत्या लेखिकेची सही घ्यायला जाताना : तयारीची यादी

अमेरिकेतल्या गावच्या पब्लिक लायब्ररीत टीनएजर मुलांची लाडकी लेखिका येणार, ही बातमी घरात सगळ्यात आधी मुलांना कळते. मग ती आईबाबांपर्यंत येते आणि आईबाबा कामाला लागतात. खरी काळजी तिथेच घ्यायची. सहीच्या टेबलापाशी तुमच्या मुलीला जेमतेम अर्धा मिनिट मिळणार आहे. ते अर्धं मिनिट पूर्णपणे तिचं असावं, एवढ्यासाठीच ही सगळी तयारी. तेव्हा यादी तिच्या हातात द्या. आपण गाडी चालवायची आणि रांगेत पिशवी धरायची.

पहिलं काम नाव नोंदवायचं. कार्यक्रम फुकट असतो म्हणून आयत्या वेळी गेलं तरी चालेल, असं धरून चालू नका. खोलीत किती माणसं बसवायची याला आगीच्या नियमांची मर्यादा असते आणि ती भरली की वेटिंग लिस्ट सुरू होते. नोंदणी माणशी आहे की कुटुंबाची, हे बघा. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना बरोबर न्यायचं असेल तर त्यांचीही नावं घाला. काही लायब्रऱ्या आपल्या गावच्या कार्डधारकांना आधी जागा देतात. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा व्हीलचेअरची सोय लागणार असेल, तर हे नोंदणी करतानाच कळवा. अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा लायब्ररीलाही लागू आहे, पण दुभाषी मिळवायला त्यांनाही थोडे दिवस लागतात. आणि जाणं रद्द झालं तर आठवणीनं नाव काढून टाका. तुमच्या मागे कुणीतरी ताटकळत असतं.

मग सहीचे नियम वाचायचे. हे दर कार्यक्रमाला वेगळे असतात. पुस्तकं सहसा लायब्ररी स्वतः विकत नाही. जवळचं एखादं पुस्तकाचं दुकान दारापाशी टेबल मांडतं. नवं पुस्तक तिथे घेतलं तर घरून आणलेल्या दोन-तीन जुन्या पुस्तकांवरही सही मिळेल, असा काहीसा नियम बरेचदा असतो. नियम नसला तरी एक पुस्तक तिथेच घ्यावं, असं माझं मत आहे. ऑनलाइन चार डॉलर वाचतात हे खरं, पण दुकानदाराच्या हाती काही लागलं नाही तर पुढच्या वेळी तो कशाला येईल?

घरून कुठली प्रत न्यायची, यात आपल्या लोकांचा एक खास प्रश्न असतो. कित्येक घरांत ही पुस्तकं सुट्टीत पुण्याला गेल्यावर अप्पा बळवंत चौकातून आणलेली असतात आणि मागे छापलेलं असतं की ही आवृत्ती फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी आहे. मुलांना वाटतं, ही दाखवली तर पंचाईत होईल. काही होत नाही. प्रकाशकानं रीतसर काढलेली ती आवृत्ती आहे, तुम्ही ती वाचायला घेतली आहे, खुशाल न्या. मुखपृष्ठ वेगळं असेल तर लेखिकेला उलट गंमतच वाटेल. मात्र फुटपाथवर स्वस्तात मिळालेली, कागद पातळ, अक्षरं पुसट आणि मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली अशी चोरटी प्रत असेल तर ती घरीच राहू द्या. तिच्या विक्रीतून जिला एक पैसाही मिळाला नाही, तिच्याचपुढे ती धरायची म्हणजे फारच झालं. बारकोड लावलेली लायब्ररीची प्रतही नको, ती परत करायची आहे. सगळं वाचन ई-रीडरवर असेल तर सही करून पुस्तकात चिकटवायची चिठ्ठी, म्हणजे बुकप्लेट मिळेल का, ते विचारा.

आता सहीबरोबर लेखिकेनं लिहायचं नाव. रांगेत उभं असताना लायब्ररीतलं कुणीतरी नाव लिहायला पिवळ्या चिकट चिठ्ठ्या वाटतं, पण आपली चिठ्ठी घरूनच लिहून न्यावी. मृण्मयी, श्रद्धा, ज्ञानदा ही नावं त्या गलक्यात ऐकून इंग्रजीत बरोबर लिहिणं कुणालाही जमणार नाही, आणि पक्क्या शाईत चुकलेलं नाव जन्मभर तसंच राहतं. मोठ्या कॅपिटल अक्षरांत, शाळेत लावतात त्याच स्पेलिंगनं लिहा. प्रत्येक पुस्तकाला एक चिठ्ठी, एका चिठ्ठीवर एकच नाव. पुस्तक धाकट्या भावासाठी असेल तर त्याचं. नुसती सही हवी असेल तर तसं लिहा. चिठ्ठी चिकटवायची ती पुस्तकाचं आणि लेखिकेचं नाव छापलेल्या आतल्या पानावर, कारण सही तिथेच होते. नाव देवनागरीत हवं असा हट्ट असेल तर चिठ्ठीवर मोठं, सुटं काढून न्या आणि रांग लहान असेल तरच विचारा.

पेन लेखिकेकडे असतं. तरी बारीक टोकाचं, न पुसणारं काळं पेन जवळ असू द्या. जेल पेन मात्र नको. गुळगुळीत कागदावर त्याची शाई पसरते.

बोलायचं काय, याचा विचार मुलं खूप आधीपासून करत असतात आणि टेबलापाशी पोचली की सगळं विसरतात. म्हणून एकच वाक्य ठरवू द्या. “तुमचं पुस्तक फार आवडलं” हे लेखिकेनं त्या संध्याकाळी अनेकदा ऐकलेलं असतं. कुठलं पात्र, कुठला प्रसंग, वाचताना आपण कुठे होतो, असं काहीतरी नेमकं असलं की तिची मान वर होते. तेही जमलं नाही आणि मुलगी नुसती उभी राहिली, डोळ्यांत पाणी आलं, तरी बिघडत नाही. लिहिणाऱ्यांना त्याची सवय असते. बिघडतं ते मागून “अगं बोल ना, घरी तर केवढी बडबडतेस!” असं कुणी म्हणालं की. तिचे मार्क, तिचं भरतनाट्यम आणि तिनं लिहिलेल्या कविता, यातलं काहीही आपण सांगायचं नाही.

प्रश्नोत्तरांचंही तसंच. हात तिनं वर करायचा. कल्पना कुठून सुचतात, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आपण तो सोडावा. शेवट फोडणारा प्रश्न विचारला तर अर्धी खोली रागावेल. पुस्तकातून काय काढून टाकलं, पहिला खर्डा कितपत वेगळा होता, असलं विचारलं तर उत्तर ऐकण्यासारखं मिळतं. मुलगी स्वतः लिहीत असेल तर तिला हेच प्रश्न उपयोगाचे आहेत. आपलं हस्तलिखित मात्र लेखिकेच्या हातात देऊ नये. पुढे कल्पना चोरल्याचा वाद नको म्हणून बरेच लेखक ती घेतच नाहीत.

बेसनाचे लाडू नेण्याचा मोह आवरा. लेखिका बहुधा विमानानं आलेली, हातात एक छोटी बॅग, शिवाय सुक्यामेव्याची ॲलर्जी असू शकते. पत्र न्या. पत्रात पहिलं नाव आणि वय पुरे. घरचा पत्ता, फोन आणि शाळेचं नाव नको.

फोनचं कुलूप आधीच उघडून, फ्लॅश बंद करून ठेवा. फोटो बहुतेक वेळा लायब्ररीतलंच कुणी काढून देतं. एसी कडक असतो, स्वेटर असू द्या. रांगेचे नंबर दारातच वाटतात, म्हणून लवकर पोचा. होमवर्क आदल्या दिवशी उरकलेलं बरं.

निघताना टीन विभागाच्या लायब्रेरियनला भेटून आभार मानायला मुलीला सांगा. लेखिकेला गावात आणण्याची खटपट त्या लायब्रेरियनची असते. नावाजलेल्या किशोर-कादंबऱ्यांवर जो प्रिंट्झ पुरस्काराचा शिक्का दिसतो, तो कॅन्ससमधल्या टोपीका इथल्या अशाच एका शालेय ग्रंथपालाच्या नावाचा. मायकेल प्रिंट्झ यांनी आपल्या शाळेत लेखकांना पाहुणे म्हणून राहायला बोलावण्याचा उपक्रम सुरू केला होता. पुरस्कार २००० पासून दिला जातो.

गाडीत पुस्तक लगेच मिटू नका, शाई वाळू द्या. आणि ज्या मैत्रिणीला यायला जमलं नाही तिच्यासाठी दुसऱ्या दिवशी त्या दुकानाला फोन करा. उरलेल्या प्रतींवर लेखिका बरेचदा जाता जाता सह्या करून ठेवते आणि त्या छापील किमतीलाच मिळतात.