सदैव पेटती शेगडी : गॅसवर चालणारा ‘आगा’ कसा वापरावा आणि कसा सांभाळावा

ब्रिटनमध्ये एखादे जुने घर, विशेषतः शहराबाहेरचे, भाड्याने किंवा विकत घेतले की स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी असलेली, इनॅमलने मढवलेली, कपाटाएवढी बिडाची शेगडी पुष्कळदा घराबरोबरच मिळते. तिच्यावर जाड झाकणांची दोन मोठी गोल तबके असतात आणि पुढे दोन, तीन किंवा चार ओव्हनची भक्कम दारे असतात. नवख्याला बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे आच कमी-जास्त करण्याचे एकही बटण समोर दिसत नाही. हा ‘आगा’. स्वीडनचे गुस्ताफ डालेन यांना १९१२ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या प्रयोगातील स्फोटात त्यांची दृष्टी गेली. १९२२ मध्ये त्यांनी ही शेगडी तयार केली. आरंभी ती कोळशावर चालत असे, तेल आणि गॅस नंतर आले. पुढील माहिती गॅसवर चालणाऱ्या, चोवीस तास तापलेल्या राहणाऱ्या पारंपरिक आगाविषयी आहे. मॉडेलनुसार तपशील बदलतात, म्हणून घरमालकाकडून किंवा आधीच्या मालकाकडून त्याची पुस्तिका आठवणीने मागून घ्यावी.

आपल्या गॅसच्या शेगडीत ज्योत थेट भांड्याला लागते आणि बटण फिरवले की आच थांबते. आगामध्ये ज्योत बर्नरच्या दाराआड असते, भांड्याला लागत नाही. आतला एक लहान बर्नर बिडाच्या गाभ्याला तापवतो, गाभ्यातील उष्णता तबकांकडे आणि ओव्हनकडे सरकते, आणि भोवती भरलेल्या उष्णतारोधक थरामुळे ती आतच टिकून राहते. गावाकडच्या चुलीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे चटकन कळेल, कारण चुलीचे मुख्य तोंड आणि शेजारचा वैल यांच्यात जे नाते असते तेच येथे डाव्या आणि उजव्या तबकात आहे. डावे तबक बर्नरच्या बरोबर वर असल्याने सर्वांत तापलेले असते आणि उकळण्यासाठी वापरले जाते. उजवे मंद असते, त्यावर रटरटत ठेवायचे पदार्थ ठेवतात. भाजण्याच्या ओव्हनचे तापमान अंदाजे २३० अंश सेल्सिअस असते, मंद ओव्हनचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. आच बदलायची असेल तर भांडे हलवायचे, बटण नव्हे, हे एकदा अंगवळणी पडले की निम्मे काम झाले. सुरक्षिततेचे बहुतेक नियमही याच एका गोष्टीतून निघतात : ही उष्णता हवी तेव्हा तत्काळ थांबवता येत नाही.

दिवसाची सुरुवात उष्णतादर्शकाकडे पाहून करावी. आगाच्या दर्शनी भागावर एक लहान तापमापक असतो आणि त्यावर मध्ये काळी खूण असते. सकाळी, स्वयंपाकाला हात लावण्याआधी, काटा किंवा पारा त्या खुणेच्या जवळपास असावा. स्वयंपाक सुरू झाला की तो खाली येतो, रात्रीतून पुन्हा वर चढतो, आणि यात काळजीचे काही नाही. दुपारी तो उतरलेला पाहून थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक पातळीवर राखणारी कळ) वाढवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हन भलतेच तापलेले मिळतात. बदल करायचाच असेल तर थर्मोस्टॅट अगदी थोडा फिरवावा आणि परिणाम पाहण्यासाठी पूर्ण एक दिवस थांबावे. काहीही न बदलता काटा सलग काही दिवस खुणेच्या बराच वर किंवा खाली राहिला, तर इंजिनिअरला बोलवावे.

हवा आणि धुराडे

रात्रंदिवस जळणाऱ्या बर्नरला सतत ताजी हवा लागते आणि जळून उरलेल्या वायूंना बाहेर जाण्यासाठी सतत मोकळी वाट लागते. यांपैकी काहीही अडले तर ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. म्हणून भिंतीतील हवेची जाळी थंडी येते या कारणाने वर्तमानपत्राचा बोळा, टेप किंवा कपाट लावून कधीही बंद करू नये. हिवाळ्यात हा मोह फार होतो, आणि आपल्यासारख्या उबदार मुलखातून आलेल्यांना तर अधिकच. बर्नरच्या दारावरील किंवा त्याच्या खालच्या हवेच्या फटी ओल्या टॉवेलांनी झाकल्या जाणार नाहीत याकडेही लक्ष द्यावे. पुढच्या दांडीवर कपडे वाळवण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण टॉवेल आखूड असावा आणि फटींपर्यंत लोंबू नये. ज्यांचा आगा चिमणीला जोडलेला आहे त्यांनी त्याच खोलीत फोडणीचा धूर खेचणारा शक्तिशाली पंखा स्वतःच्या मनाने बसवू नये, कारण असा पंखा धुराड्यातील वायू उलटे घरात ओढू शकतो. आधी गॅस इंजिनिअरकडून चाचणी करून घ्यावी. चिमणीच्या तोंडाशी पक्ष्यांनी घरटे केले आहे का, हे वसंत ऋतूनंतर पाहून घेणे इष्ट.

स्वयंपाकघरात बीएस ईएन ५०२९१ या मानकाचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म असलाच पाहिजे, मग कायद्याने तो तुमच्या घरास सक्तीचा असो वा नसो. तो आगापासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरवर असावा. छतावर लावल्यास भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर, आणि भिंतीवर लावल्यास दारे-खिडक्यांच्या वर, पण छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली. त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे आणि त्यावर छापलेली मुदत संपली की तो बदलावा. निळ्या, ठाम ज्योतीऐवजी पिवळसर, लवलवती ज्योत, शेगडीभोवती काजळी, खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त दमट थर आणि वारंवार विझणारी पायलट ज्योत (मुख्य बर्नर पेटवण्यासाठी सतत जळत राहणारी लहान ज्योत) या खुणा दिसल्यास आगा बंद करून ठेवावा. घरातील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर, मळमळ होत असेल आणि बाहेर पडल्यावर बरे वाटत असेल, तर तो फ्लू समजून अंगावर काढू नये.

गॅसचा वास आला किंवा अलार्म वाजला तर दारे-खिडक्या उघडाव्यात, मीटरजवळची मुख्य कळ बंद करावी (मीटर तळघरात असल्यास तेथे उतरू नये), विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, काडी ओढू नये, सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि बाहेरून ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पाइपलाइन न पोहोचलेल्या खेड्यांत बाहेरच्या टाकीतील एलपीजी वापरतात. तो हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत आणि तळघरात साचते. तेथे टाकीची कळ बंद करून टाकीवर लिहिलेल्या पुरवठादाराच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

आपला स्वयंपाक आणि आगा

भांडे सपाट, जाड बुडाचे हवे. गोल बुडाची कढई तबकाला एका बिंदूतच टेकते, त्यामुळे ती तापत नाही आणि डगमगते. कुकर डाव्या तबकावर ठेवता येतो, पण शिट्टी झाल्यावर आच कमी करणे म्हणजे गच्च भरलेला, वाफेने दाटलेला कुकर उचलून उजव्या तबकावर आणणे, तेव्हा दोन्ही बाजूंना मुठी असलेला कुकर असावा आणि उजवे तबक आधीच मोकळे करून ठेवावे. पोळी उजव्या तबकावर थेट भाजता येते. ती फुगवण्यासाठी आगाच्या दोन जाळ्यांमध्ये धरून क्षणभर डाव्या तबकावर ठेवली की फुलक्यासारखी टम्म होते. भाकरीच्या बाबतीत मात्र ज्योतीची सर येत नाही.

चकल्या, वडे, पुऱ्या आगावर तळू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. तेल धुरावू लागले तर साध्या शेगडीवर एका बोटाने आच थांबते; येथे उकळत्या तेलाने भरलेले भांडे हातांनी उचलून बाजूला करावे लागते, आणि नेमके तेच कधी करू नये असे अग्निशमनाचे शिक्षण सांगते. तळणासाठी तापमान नियंत्रित करणारा वेगळा विजेवरचा फ्रायर वापरावा. ओव्हनमध्ये तर तेलाचे खोल भांडे कधीही ठेवू नये. दुधाचेही तसेच : ते डाव्या तबकावर ठेवून वळू नये.

मंद ओव्हन मात्र आपल्या स्वयंपाकाला वरदान आहे. हरभरे, वाटाणे, पाया रात्रभर आत ठेवून सकाळी शिजलेले मिळतात. फक्त राजमा भिजवल्यावर प्रथम तबकावर किमान १० मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच आत सरकवावा, कारण त्यातील विषारी लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही. ओव्हनची वाफ धुराड्यातून बाहेर जात असल्याने करपल्याचा वास स्वयंपाकघरात येत नाही. म्हणून घड्याळाचा गजर लावल्यावाचून काहीही आत ठेवू नये. आगाच्या कोपऱ्याजवळची ऊब इडलीचे पीठ आंबवायला आणि दही लावायला पुरेशी असते, परंतु ते भांडे चकचकीत झाकणांवर ओढत नेऊ नये; चरे पडतात आणि ते भरून येत नाहीत.

ओव्हनच्या कडेला हाताचा पुढचा भाग भाजणे हा येथील सर्वांत नेहमीचा अपघात आहे, म्हणून कोपरापर्यंतचे हातमोजे वापरावेत, ओढणी आणि पदर खोचून घ्यावा, आणि लहान मुलांना झाकणे उघडी असताना जवळ येऊ देऊ नये. भाजल्यास ती जागा साध्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये.

स्वच्छता

हे काम बहुतांशी आगा स्वतःच करतो. तापत्या ओव्हनमध्ये सांडलेले जळून कोळसा होते आणि तारेच्या ब्रशाने झाडून काढता येते, तबकांचेही तेच. इनॅमल मात्र नाजूक आहे. चिंचेचा कोळ, कोकम, लिंबू, टोमॅटो, ताक, उतू गेलेले दूध यांतील आम्लामुळे त्याची झिलई जाते, म्हणून ओघळ ताबडतोब ओल्या फडक्याने पुसावा, ‘निवल्यावर बघू’ म्हणू नये, कारण आगा निवतच नाही. त्यावर काथ्या, तारेची घासणी किंवा खरखरीत पूड चालत नाही. दारे घासण्यासाठी काढता येतात, पण त्यांच्या आत उष्णतारोधक थर असतो. पाण्यात बुडवल्यास तो भिजून निकामी होतो.

पायलट ज्योत, सर्व्हिसिंग आणि पुन्हा पेटवणे

जोराच्या वाऱ्यात पायलट ज्योत विझू शकते. ज्योत गेली की सुरक्षा-झडप गॅस आपोआप तोडते. पुन्हा पेटवण्यापूर्वी बटण पूर्ण बंद करून किमान ३ मिनिटे थांबावे आणि गॅसचा वास येत असल्यास पेटवूच नये. त्यानंतर पुस्तिकेप्रमाणे बटण दाबून ठिणगी द्यावी व ज्योत लागल्यावर सुमारे २० सेकंद बटण दाबूनच ठेवावे, म्हणजे ज्योतीची जाणीव ठेवणारा थर्मोकपल तापतो. पुन्हा विझली तर पुन्हा ३ मिनिटे थांबावे. दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही, किंवा आठवड्यात दुसऱ्यांदा हीच वेळ आली, तर काडी बाजूला ठेवून इंजिनिअरला बोलवावे. यापलीकडे बर्नरच्या दाराआड काहीही उघडू नये. १९७० च्या सुमारापर्यंतच्या जुन्या आगामध्ये ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्या किंवा थर असू शकतात, त्यामुळे गळालेली जुनी दोरी खरवडून काढण्याचा उद्योगही करू नये.

वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करावे. काम करणारा माणूस ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंदलेला असलाच पाहिजे, १ एप्रिल २००९ पासून ब्रिटनमध्ये गॅस कारागिरांची ही नोंदणी ‘कॉर्गी’ या आधीच्या नोंदणीच्या जागी आली. त्याचे ओळखपत्र मागण्यात संकोच नसावा, आणि पत्राच्या मागील बाजूस तो कोणत्या उपकरणांवर काम करू शकतो हे लिहिलेले असते, ते अवश्य वाचावे, कारण बॉयलरचा उत्तम जाणकार आगाचा असेलच असे नाही. भाड्याच्या घरात मालकाच्या गॅस उपकरणांची वार्षिक तपासणी ही १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार मालकाची जबाबदारी आहे आणि तिच्या नोंदीची प्रत भाडेकरूला मिळाली पाहिजे. बर्नर, थर्मोकपल, झडप, धुराड्याचा ओढा आणि दारांची बसण, एवढे तपासायला सांगावे. वरचा पृष्ठभाग पूर्वीपेक्षा जास्त तापू लागला असेल तर आतील उष्णतारोधक भरणी खाली बसली आहे का, हेही पाहायला लावावे.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आगा बंद करावा लागतो, कारण तापलेल्या बिडावर कोणी काम करू शकत नाही. पुन्हा पेटवल्यावर पूर्ण तापायला रात्र जाते. घाईने थर्मोस्टॅट सर्वांत वर नेल्याने ती रात्र फारशी लहान होत नाही. गार बिडावर आरंभी ओलावा सुटून थेंब जमतात, ते झाकणे उघडून पुसून घ्यावेत. त्या दिवशीचा स्वयंपाक विजेच्या शेगडीवर करावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा काळ्या खुणेशी आलेला दिसल्यावरच कुकर डाव्या तबकावर चढवावा.